अपूर्णांकात कच्चा

माझ्या आईचे चार रणगाडे राहिले होते.

भिंगार म्हणजे नगरची लष्करी छावणी, तिथं हे वाक्य म्हटलं की लोकांना वाटतं आई लष्करात होती. ती लष्करात नव्हती. ती घरी ब्लाउज शिवायची आणि दुपारी दोन ते तीन टीव्हीसमोर बसून रणगाडे उडवायची. व्हिडिओ गेमचा डबा खरं तर माझ्या बहिणीसाठी, शुभांगीसाठी आणला होता. शुभांगी पाचव्या स्टेजला कंटाळली. मी बाराव्या स्टेजला हरलो आणि कॅसेट खराब आहे असं जाहीर केलं. आई मात्र कुणाला काही न सांगता रोज एक तास खेळत पस्तिसाव्या स्टेजला पोचली. एका स्टेजला वीस रणगाडे येतात. पस्तिसाव्यातले सोळा तिनं उडवले. चार राहिले. तेवढ्यात व्होल्टेज वाढलं, डब्यातून निळसर धूर आला आणि डबा वारला. जाताना टीव्हीलाही घेऊन गेला.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. बाबा लष्कराच्या बराकींमध्ये पंखे दुरुस्त करायची सिव्हिलियन नोकरी करायचे. इलेक्ट्रिशियनच्या घरात टीव्ही जळणं म्हणजे वैद्याच्या घरात गोवर. त्यांनी जेवायच्या आधी शपथ घेतली.

"नवा टीव्ही आणीन. पण या घरात टीव्हीला परत काही जोडलं, तर मी इथं राहणार न्हाई."

आईनं या पर्यायावर थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "बरं, न्हाई जोडत."

शपथ पाळली गेली, पण आईचं लक्ष उडालं. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तिनं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि विचारायची, "सम्राट, पस्तिसाव्याच्या पुढं काय असंल रे?"

मला माहीत नव्हतं. भिंगारमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या शेजारी एक हवालदार राहायचे, ते खरोखरचा रणगाडा चालवायचे. आईनं त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "बहनजी, मैं तो अठारह के आगे कभी गया नहीं." तेव्हापासून आईच्या मनातून लष्कर थोडं उतरलं. सरावाचे रणगाडे रस्त्यानं जाताना दिसले की म्हणायची, "लई हळू हायत."

त्याच उन्हाळ्यात बाबांना पाचव्या वेतन आयोगाचा एरियर मिळाला. बाबांनी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की यात एकच मोठी वस्तू येते. आईला फ्रीज, नाहीतर माझ्या डिप्लोमासाठी जुना कॉम्प्युटर. आई ज्याला हो म्हणेल ते. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि आई त्यातली वीस वर्षं फ्रीज मागत होती, त्यामुळे मी पाणी प्यायला उठलो.

"कॉम्प्युटरला सोताचा टीव्ही असतो व्हय?" आईनं मागून विचारलं.

"असतो. त्याला मॉनिटर म्हणतात."

"म्हंजी आपल्या टीव्हीला काय जोडायचं न्हाई."

"नाही."

"मंग फ्रीज नको."

बाबांना वाटलं ही शिक्षणाची ओढ आहे. त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आईनंही फोटोकडे पाहिलं, पण जरा खाली मान घालून.

आईला हे सुचलं होतं ते माझ्याकडच्या एका फ्लॉपीमुळे. पॉलिटेक्निकमधल्या मित्रानं ती पुण्याहून आणली होती. तिच्यात एम्युलेटर नावाचा प्रोग्राम होता आणि रणगाड्यांचा तोच गेम होता. एम्युलेटर चालू केला की कॉम्प्युटरला वाटायला लागतं आपण गेमचा डबा आहोत. एवढंच. कॅसेट नको, डबा नको, टीव्ही नको. पण कुठला कॉम्प्युटर घ्यायचा हा प्रश्न होता, आणि कॉम्प्युटर कुठला हे त्याच्या आतला प्रोसेसर ठरवतो. नवे घेण्याची ऐपत नव्हती. जुन्यात शंभर प्रकार होते. मी मासिकांमधले तक्ते कापून वहीत चिकटवले आणि आठ दिवस अभ्यास केला. शेवटी मला एवढंच कळलं की जो चांगला आहे तो आपल्याला परवडत नाही.

"दादाला बोलवू," आई म्हणाली.

दादा म्हणजे माझे मामा, छगन. ते काष्टीचे. शनिवारच्या बैलबाजारात त्यांनी हात फिरवल्याशिवाय आसपासच्या पाच गावांत कुणी बैल घेत नसे.

"आई, मामांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

"तुला तरी कुठं कळलं? आठ दिस वही रंगवली. बाजारातनं वस्तू घ्यायची ती दादाला न दाखवता? आजपत्तुर घेतली न्हाई."

मामा रविवारी सकाळच्या एसटीनं आले. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "जनावर काय काम करनार?"

मी एम्युलेटर समजावून सांगायला लागलो. मामा मध्येच म्हणाले, "म्हंजी बहुरूपी हाय म्हन की."

"हो, तसंच."

"मंग ताकद लागंल. पोलीस नुसता हुबा राहतो. पोलिसाचं सोंग घेतलेल्याला दारोदार पळावं लागतं."

आठ दिवसांच्या अभ्यासात मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. तो गेमचा डबा बिचारा अगदी साधा होता, पण त्याचं सोंग आणायला कॉम्प्युटर त्याच्या कितीतरी पट दमदार लागतो, हे वहीत मी चार पानांत लिहिलं होतं.

दुपारी आम्ही तिघं नगरला दिल्ली गेटजवळच्या सुनीती कॉम्प्युटर्समध्ये गेलो. दुकान सुहासचं. सुनीती त्याची आई, शाळेत गणित शिकवायची. सुहास इंजिनिअर होता, गोरा, चष्मेवाला आणि इतका सभ्य की गिऱ्हाईक वस्तू न घेता निघालं तरी तो दारापर्यंत सोडायला यायचा.

"काय वापरासाठी पाहिजे, काकू?" त्यानं विचारलं.

"रनगाड्यासाठी," आई म्हणाली.

सुहासनं माझ्याकडे पाहिलं. मी फ्लॉपी दाखवली. त्यानं एकदा आईकडे, एकदा फ्लॉपीकडे पाहिलं आणि तीन खुर्च्या पुसल्या.

मग त्यानं चारशे श्याऐंशी नंबरच्या प्रोसेसरचा एक जुना कॉम्प्युटर दाखवला. सगळ्यात स्वस्त. कुठल्याशा बँकेतून निघालेला, वागणुकीला शांत. सुहासनं स्क्रीनवर एक चाचणी लावली, खाली मोठा आकडा आला आणि सुहास अभिमानानं मागे सरकला.

"ह्यो आकडा कुनी लिहिला?" मामांनी विचारलं.

"कॉम्प्युटरनंच, मामा. तो स्वतःला मोजतो."

"असं कसं? बैलाला इचारून बैल घेतो का कुनी? जुंपून दाव."

मामांचा बाजारातला नियम होता: गाडीत पोती भरायची, चाकं दोरानं बांधायची आणि मग बैल ओढतो का बघायचं. उभा बैल कुठलाही चांगलाच असतो. सुहासनं निमूटपणे फ्लॉपी घातली. गेम सुरू झाला. आईनं बाणाच्या बटणांवर बोटं ठेवली.

रणगाडे आले. म्हणजे यायला लागले. दुपारी जेवण जास्त झालेल्या माणसासारखे एकेक पाऊल टाकत, मध्येच विसावा घेत. आवाज तुटक यायचा, उचकी लागल्यासारखा. आईनं गोळी झाडली. गोळी निघाली, वाटेत थोडा विचार केला आणि पोचली.

"काकू, यात तुम्ही लगेच जिंकाल," सुहास म्हणाला. "सोपं होतं ना!"

आईनं हात काढून घेतला. "मला मारवंना. कीव येती रं त्यांची."

"बशा हाय," मामांनी निकाल दिला. भरल्या गाडीला खाली बसतो तो बशा बैल. "उचल ह्यो."

दुसरा पेंटियम होता, त्यातल्या त्यात नव्या जातीचा. तो जुंपला आणि आईची पाठ ताठ झाली. रणगाडे जसे हवेत तसे, आवाज हवा तसा. तिनं दोन मिनिटांत पहिली स्टेज संपवली. सुहास तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मामांनी कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली.

मग सुहासनं किंमत सांगितली.

"याच्याबरोबर तुमच्या बजेटमध्ये रंगीत मॉनिटर बसणार नाही," तो खरोखर वाईट वाटून म्हणाला. "ब्लॅक अँड व्हाइट देता येईल."

"न्हाई चालनार," आई म्हणाली. "काही रनगाडे लाल लुकलुकतात. ते मारलं की बक्षीस पडतं. काळ्या-पांढऱ्यात मी लाल वळखू कशी?"

बाजाराच्या भाषेत बोलायचं तर बैल मिळत होता पण गाडी जात होती. आईनं पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरली. तिचं मन मला दिसत होतं. फ्रीज तर तिनं सोडला होता. आता ती आणखी काही सोडता येतंय का ते शोधत होती.

"अजून काय हाय?" मामांनी विचारलं. "मागं बांधलेलं? जे तू दावत न्हाईस ते दाव."

प्रत्येक बाजारात एक तरी जनावर मागं बांधलेलं असतं हे मामांना माहीत होतं. सुहासला मात्र हे मामांना कसं कळलं ते कळेना. त्यानं खालचा ड्रॉवर उघडला आणि स्पंजमध्ये खोचलेला एक प्रोसेसर काढला.

"हा मी खरं तर विकत नाही. तिसऱ्याच कंपनीचा आहे. पेंटियमच्याच बोर्डात बसतो, किंमत निम्मी. पण दोन गिऱ्हाइकांनी परत केलाय."

मी नाव वाचलं आणि लगेच म्हणालो, "हा नको. हा तक्त्यात सगळ्यात खाली आहे. नवे थ्रीडी गेम यावर अडखळतात."

"खरंय," सुहास म्हणाला. "पूर्णांकात हा पेंटियमच्या बरोबरीनं पळतो. अपूर्णांकात कच्चा आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे दशांश चिन्हाची गणितं आली की दमतो. नव्या गेमना तीच लागतात."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ते विचार करताना टोपी काढायचे. मग आईकडे वळले. "कला, तुज्या गेममंदी अर्धा रनगाडा येतो का गं?"

"अर्धा कसा येईल? अख्खाच येतो."

"पाव?"

"न्हाई. वीस म्हंजी वीस."

"मंग ह्याला अपूर्णांक कशाला पायजेत?"

मला तक्ता आठवला. तो तक्ता ज्या गेमांवर मोजला होता त्यातला एकही माझी आई खेळणार नव्हती.   गणिताच्या बाईंच्या मुलाला हे आधी सुचायला हवं होतं असं सुहासच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मीबी अपूर्णांकातच नापास झालते," आई म्हणाली. "सातवीत. कुनी परत न्हाई केलं."

"बघू दात," मामा म्हणाले, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी प्रोसेसर उचलून उलटा केला. खाली तीनशेच्या आसपास सोनेरी पिना होत्या, केसासारख्या. बैलाचं वय खालच्या दातांवरून कळतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मामांनी तीनशे दात असलेलं जनावर आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांचा अंगठा आपोआप गेला, आणि हिरडी दाबावी तसा त्यांनी कोपरा दाबला.

तीन पिना आडव्या झाल्या.

बाहेर रिक्षावाला मीटरवरून भांडत होता, त्याचं सगळं म्हणणं आम्हाला कळलं.

"जाऊ द्या, मामा," सुहास शेवटी म्हणाला.  "माझा तोटा. ठेवून द्या तो."

"न्हाई." मामा उभे राहिले. "बघताना जनावर ज्याच्या हातनं दुखावलं ते त्याचं. आमच्या घरात आज्यापास्नं ह्योच रिवाज हाय. ह्यो आता आमचा."

"मामा, जुंपल्याशिवाय?" मी म्हणालो. "तो चालेल की नाही माहीत नाही!"

"म्हनूनच तर," मामा म्हणाले. यात काय अर्थ होता मला कळलं नाही, पण त्यांचा चेहरा पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते न जुंपलेलं जनावर घेत होते, आणि तेही बहिणीच्या फ्रीजच्या पैशांनी. मी आईकडे पाहिलं. वाटलं ती रडेल, किंवा नको म्हणेल. हा प्रोसेसर मेला असेल तर फ्रीजही गेला, पुढची स्टेजही गेली, आणि एरियर काही दरवर्षी मिळत नाही.

आई म्हणाली, "दादा, भाव तर ठरीव."

मामांनी खांद्यावरचा टॉवेल सुहासच्या हातावर टाकला आणि टॉवेलखाली त्याचा हात धरला. काष्टीत भाव असाच ठरतो. कुठलं बोट दाबलं, किती दाबली, यावरून आकडा. बाजूच्याला पत्ता लागत नाही. सुहासलाही लागला नाही. तो कानापर्यंत लाल झाला. मामा बोटं दाबायचे, सुहास आदरानं मान हलवायचा. दोनदा तो "अहो" म्हणाला. मामांनी ते 'जास्त मागतोय' असं धरलं आणि आणखी एक बोट कमी केलं.

"कबूल?"

"क... कबूल."

टॉवेल निघाल्यावर सुहासनं माझ्या कानात विचारलं, "किती म्हणाले रे?" मामांनी मग आकडा मोठ्यानं सांगितला. उरलेल्या पैशांत रंगीत मॉनिटर आरामात बसला. सुहासनं चष्मा पुसला. माझ्या मते त्याला फार तोटा झाला नसावा, कारण त्यानं चहा मागवला.

आता पिना. सुहासनं पेन्सिलीचं पातळ टोक घेतलं, पण तो टॉवेलमधून नुकताच बाहेर आला होता आणि पहिल्याच पिनेजवळ त्यानं टोक मोडलं.

"सरक," आई म्हणाली. तिनं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली.

"काकू, एक जरी तुटली ना, तर संपलं सगळं."

"तू उजेडातनं बाजूला हो."

ब्लाउजच्या हुकाला गाठ मारते तशी आई वाकली. पहिली पिन सरळ झाली. दुसरी झाली. तिसरी मुळातून वाकली होती. आईनं तिला एका दमात उचललं नाही. थोडं उचललं, थांबली, परत थोडं. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. 

"घाल," आई म्हणाली.

सुहासनं प्रोसेसर बोर्डात बसवला, वर पंखा लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. आम्ही थांबलो. स्क्रीन काळीच. मामांनी टोपी घातली, म्हणजे आता निघायचं. आई मात्र हलली नाही. ती म्हणाली, "सुहास, त्या दुसऱ्या टीव्हीचं बटन दाबलंस का?"

मॉनिटर चालूच केला नव्हता.

दाबल्यावर सगळं दिसलं. रणगाडे आले, अख्खे, वीसच्या वीस, पेंटियमवर पळत होते तसेच. आईनं पहिला उडवला तेव्हा मामा भिंतीपासून वळले. त्यांनी पंख्याजवळ हात नेला.

"तापतो लई," ते म्हणाले. "पन बसत न्हाई."

कॉम्प्युटर घरी आला. सकाळी मी त्यावर डिप्लोमाचं ड्रॉइंग करायचो, त्यात अपूर्णांक भरपूर असायचे आणि प्रोसेसर दमायचा. मी चहा पिऊन यायचो तोवर रेघ पूर्ण झालेली असायची. दुपारी दोनला आई यायची आणि मला उठवायची. एम्युलेटरमध्ये एक सोय होती: गेम आहे तिथं साठवून ठेवायचा, मेलं की तिथूनच परत सुरू. मी आईला ती दाखवली.

"मेल्यावर परत उठायचं?"

"हो. कितीही वेळा."

"मंग भ्या कशाचं वाटनार? नको ते."

त्यामुळे मेलं की तिला डब्यावरच्यासारखंच परत पहिल्या स्टेजपासून यावं लागायचं, आणि आता ती एका डावावर थांबत नव्हती. दोन ते तीनचं दोन ते पाच झालं. बाबांना कळलंच. त्यांनी शपथ तपासून पाहिली. टीव्हीला काही जोडलेलं नव्हतं. मग एके दिवशी ते लवकर घरी आले आणि मागं स्टूल टाकून बसले.

अठराव्या दिवशी आई पस्तिसाव्याला पोचली. त्या दिवशी मामाही होते, जनावर कसं आहे बघायला आले होते. शुभांगीनं दार लावून घेतलं. आईचा स्वतःचा एकच रणगाडा, म्हणजे एकच जीव, शिल्लक होता. सोळावा शत्रू उडाला. सतरावा. अठरावा, आईला जो किल्ला राखायचा असतो त्याची वीट फोडून आत आला आणि बाबा "अगं डावीकडं!" असं ओरडले. पंख्यात बेअरिंग अडकल्यावरही ते इतकं ओरडत नसत. अठरावा गेला. एकोणिसावा गेला. विसावा लाल लुकलुकत आला आणि आईनं त्याला मुद्दाम जवळ येऊ दिलं.

मग गुण मोजले गेले. मग पडदा राखाडी झाला. आम्ही सगळे पुढं वाकलो.

विटा दिसल्या. उभ्या ओळींमध्ये, मध्ये रस्ते. मी ओळखल्या. पहिली स्टेज होती ती. तीच. फक्त रणगाडे पस्तिसाव्याचे, चिडलेले.

 याच्यासाठी फ्रीज गेला. पुढं राजवाडा नाही, बक्षीस नाही, शाबासकीचं एक अक्षर नाही.

"संपत न्हाई ह्यो?" आईनं विचारलं.

"नाही गं. परत पहिल्यापासून येतो. असाच येत राहणार."

"कदीच न्हाई संपत?"

"नाही."

नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या गल्लीतली पाच-सहा माणसं कामाला होती. त्यांच्यातल्या एखाद्याला टेंपररीचं पर्मनंट केल्याची ऑर्डर मिळाली की तो घरी येताना जसा दिसायचा, तशी आई दिसत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, खुर्ची जरा पुढं ओढली आणि बाणाच्या बटणांवर बोटं ठेवली.

"दादा," स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली, "जेवून जा. भाकऱ्या ह्ये करतील."

बाबा उठले आणि पिठाचा डबा कुठं असतो ते विचारायला लागले.